वऱ्हाडांतील आडनांवें व पूर्वजांचा शोध

वऱ्हाडांत पूर्वजाचा शोध करूं पाहणारा गृहस्थ बहुधा आडनांवापासून आरंभ करतो, आणि आमच्या मतें तेथेंच त्याची वाट चुकते. देशमुख, देशपांडे, पाटील, पांडे हीं मुळांत कुळांचीं नांवें नव्हत, तीं हुद्द्यांचीं नांवें होत. परगण्याचा वसूल पाहणारा तो देशमुख आणि त्याचा हिशेब राखणारा तो देशपांड्या. गांवपातळीवर हींच दोन कामें पाटील व पटवारी करीत. वतन ज्या घरीं गेलें त्या घरास तें नांव चिकटलें. म्हणूनच या प्रांतीं ब्राह्मण देशमुख आहेत, मराठे व कुणबी देशमुख आहेत, आणि मुसलमान देशमुखहि आहेत. केवळ आडनांव जुळलें एवढ्यावरून वंशवृक्षाला फांदी जोडणें म्हणजे दोन गांवांच्या मामलेदारांना सख्खे भाऊ ठरविण्यासारखें आहे.

याचें उत्तम उदाहरण पापळ येथील देशमुख घराण्याचें. पापळ आज नांदगांव खंडेश्वर तालुक्यांत आहे. तो मुलूख पूर्वीं चांदूर तालुक्यांत मोडत असे. डॉक्टर पंजाबराव देशमुख यांचा जन्म तेथें २७ डिसेंबर १८९८ रोजीं झाला, व त्यांच्या बाळपणींच्या शिक्षणांत चांदूर रेल्वे येथील शाळेचाहि वांटा आहे. पुढें ते स्वतंत्र भारताचे कृषिमंत्री झाले हें सर्वांस ठाऊक आहे; वैदिक वाङ्मयांतील धर्माचा उगम व विकास या विषयावर त्यांनीं ऑक्सफर्ड येथें प्रबंध लिहिला हें मात्र आम्हां संस्कृताभ्यासकांवांचून फारसें कोणी स्मरत नाहीं. असो. या घराण्याचें मूळ आडनांव कदम; देशमुखी वतनामुळें कदमांचे देशमुख झाले. आतां ज्यास देशमुख हें एकच नांव ठाऊक आहे त्यास या कुळाच्या वतनाबाहेर राहिलेल्या शाखा कधींच सांपडणार नाहींत, कारण त्या कदमच राहिल्या असणार. उलट, परगण्याच्या कागदांत जो कदम शोधील त्याच्याहि हातीं कांहीं लागणार नाहीं. एका कुळाचे दोन माग असे वेगळे पडतात, आणि दोहोंस सांधणारी खूण म्हणजे गांव.

पण गांवाचें नांव तरी एकेरी कोठें आहे? जुन्या कागदांत नुसतें 'चांदूर' एवढेंच आढळतें. नागपुरापर्यंतचा लोहमार्ग १८६७ त पुरा झाला. चांदुरास 'रेल्वे' हें उपपद लागलें तें अर्थात् स्थानक झाल्यावर. त्यापूर्वींच्या कागदांतलें चांदूर हें आपलें, कीं चांदूर बाजार, कीं बुलढाण्याकडील चांदूर बिस्वा, हें सोबतच्या खेड्यांच्या नांवांवरून ठरवावें लागतें. त्यांत चांदूर बाजार पूर्वीं एलिचपूर जिल्ह्यांत होतें, आणि तो जिल्हा १९०५ त अमरावतींत विलीन झाला. शेजारीं कुऱ्हा, तळेगांव दशासर अथवा कौंडिण्यपूर यांचा उल्लेख असेल तर आपलें चांदूर, असें आम्ही समजतों.

कालगणनेचा घोटाळा याहून मोठा. सन १८०३ पर्यंत वऱ्हाडांत निजाम व नागपूरकर भोसले यांचा दुहेरी अंमल होता. निजामाच्या दिवाणी कागदांत फसली सन चाले. मराठी दप्तरांत सुहूर सन व शक. पानिपतचा संग्राम १४ जानेवारी १७६१ रोजीं झाला. त्या दिवशीं शके १६८२, सुहूर सन ११६१ व फसली ११७० होतें. सुहूर व फसली यांच्या आंकड्यांत हें नऊ वर्षांचें अंतर आहे, तें ज्याच्या ध्यानीं नाहीं तो एकाच पुरुषाचे दोन करतो आणि मधल्या नऊ वर्षांत बाप-लेकांचें नातें बसवून देतो.

निजामानें वऱ्हाड १८५३ त इंग्रजांच्या हवालीं केला. त्यानंतर १८६१ पासून मुंबई इलाख्याच्या पद्धतीनें जमिनीची पाहणी सुरू झाली, आणि गांवोगांवीं जन्ममृत्यूच्या नोंदींचीं पुस्तकें तयार होऊं लागलीं. हींच तीं 'कोतवाल बुकें'. त्यांची नोंद मोठी रुक्ष असते: तारीख, बापाचें नांव, जात, आणि मुलगा कीं मुलगी एवढें. पुष्कळदां मुलाचें नांवच नसतें, कारण बारसें व्हावयाचें असतें. आडनांवहि बहुधा नसतें. म्हणजे येथेंहि शोधकाजवळ बापाचें नांव व गांव हींच दोन साधनें उरतात. शाळेच्या दाखल-खारीज पुस्तकांत पूर्ण नांव मिळतें, परंतु तेथील जन्मतारीख बहुतेक वेळां गुरुजींनीं अंदाजानें घातलेली असते, हें आम्ही मास्तरकी केलेलीं माणसें जाणतों. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या क्षेत्रोपाध्यायांच्या नामावळी या दृष्टीनें फार मोलाच्या, कारण त्यांत यात्रेकरूच्या तोंडून त्याच्या बापाचें, आजाचें, भावांचें नांव एकत्र उतरविलेलें असतें.

श्राद्धाच्या संकल्पांत पिता, पितामह व प्रपितामह असे तिघे नांवानें घेतात, त्यापलीकडचे लेपभागी. घरचें स्मरणहि तितकेंच चालतें. आज पन्नाशीच्या मनुष्याचा पणजा साधारणपणें पंजाबरावांच्या वयाचा, म्हणजे कोतवाल बुकाच्या काळांतला. स्मरण जेथें संपतें तेथें नेमका हा कागद हातीं येतो, आणि म्हणूनच त्याला एवढें महत्त्व आलें आहे. इतर मागासवर्गाच्या दाखल्यास १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वींचा पुरावा लागतो. सन २०२३ त राज्य सरकारनें निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखालीं कुणबी नोंदी शोधण्यासाठीं समिति नेमल्यापासून तर मोडी वाचणारास भलताच भाव आला. मोडीचें जाणतेपण वाढतें आहे हें चांगलें. पण घाईनें वाचणारे आडनांवावर बोट ठेवून पान उलटतात, आणि ज्या मुलाचें शिक्षण त्या एका ओळीवर अवलंबून आहे त्याचा खरा पणजा दोन ओळी खालीं, नुसत्या नांवानें, तसाच राहून जातो.

चांदूर भागांतील ज्या घरीं देशमुखी-पाटिलकीचे रुमाल अद्याप आहेत त्यांना आमची विनंति एवढीच कीं, कागद सालवारी लावण्याच्या उत्साहांत रुमाल फोडूं नयेत. कोणता कागद कोणत्या कागदाशेजारीं बांधला होता यावरून गांव ठरतें, आणि गांव ठरल्यावांचून कदम कोणते व देशमुख कोणते हें कळत नाहीं. आधीं आहे त्या क्रमानें आंकडे घालावेत, छायाचित्रें घ्यावींत, मग दोरी सोडावी. कसर व वाळवी यांचा बंदोबस्त पावसाळ्यापूर्वीं करावा.