खेळती हवा आणि इंधनाचा जमाखर्च

घर भाड्यानें घेण्यास निघालेला आपल्याकडील गृहस्थ पहिला प्रश्न करतो तो हवेचा. खोलींत वारा खेळतो कीं नाहीं, खिडक्या समोरासमोर आहेत कीं नाहींत, हें पाहिल्यावांचून तो भाड्याची गोष्ट काढीत नाहीं. परंतु हाच गृहस्थ ज्या कचेरींत दिवसाचे आठ-नऊ तास बसतो, तेथें त्याच्या वांट्यास बाहेरची हवा किती येते, याची तो कधीं चौकशी करीत नाहीं. तें प्रमाण दुसऱ्याच कोणी परस्पर ठरविलेलें असतें. तें कसें ठरत आलें याचा इतिहास चाळला असतां आम्हांस असें दिसून आलें कीं, त्यांत शरीरशास्त्राचा जितका हात आहे, तितकाच इंधनाच्या भावाचाही आहे. त्या इतिहासाचा त्रोटक परिचय वाचकांस करून द्यावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु.

हवेच्या बाबतींत पैसा वांचविण्याची बुद्धि जुनीच आहे. इंग्लंडांत 1696 सालीं घरांच्या खिडक्यांवर कर बसला आणि तो 1851 पर्यंत चालू राहिला. कर चुकविण्यासाठीं लोकांनीं खिडक्या विटांनीं बुजविल्या. वांचलेला कर जमाखर्चाच्या वहींत दिसे. कोंदट खोल्यांत खंगलेली प्रकृति मात्र कोणत्याच वहींत मांडली जात नसे. पुढील सर्व कथेचें बीज आम्हांस येथेंच दिसतें.

खोलींतील हवेची परीक्षा करण्याचा सुलभ मार्ग म्युनिक येथील माक्स फोन पेटेनकोफर यानें 1858 सालीं दाखविला. श्वासाबरोबर बाहेर पडणारा कार्बन डाय-ऑक्साइड वायु एवढ्या तेवढ्या प्रमाणांत विषारी नसतो, हें तो जाणून होता. परंतु खोलींतील हवा कितपत वापरली गेली याचा तो विश्वासू साक्षीदार आहे, असें त्यानें सांगितलें, आणि हजार भागांत एक भाग ही त्याची मर्यादा घालून दिली. पुढच्याच वर्षीं फ्लॉरेन्स नाइटिंगेल हिनें शुश्रूषेवरील आपल्या पुस्तकांत पहिला नियम घातला तो असा कीं, रोग्याच्या खोलींतील हवा बाहेरच्या हवेइतकी शुद्ध असावी, पण रोगी गारठूं नये. या बाईनें जो तोल एका नियमांत साधला, तो पुढें मोठमोठ्या यंत्रज्ञांनाही सहजासहजीं साधला नाहीं.

अमेरिकेंतील लष्करी शल्यवैद्य जॉन शॉ बिलिंग्ज यास संसर्गाची धास्ती होती. माणशीं दर मिनिटास निदान 30 घनफूट ताजी हवा हवी, असें त्याचें मत पडलें, आणि 1895 सालीं तेथील यंत्रज्ञांच्या संस्थेनें तोच आंकडा मान्य केला. नंतर 1936 सालीं हार्वर्ड येथें यॅग्लू व त्याच्या सहकाऱ्यांनीं निराळीच कसोटी लावली. बाहेरून आलेल्या माणसास खोलींत शरीराचा दर्प कितपत जाणवतो, हें त्यांनीं पाहिलें. माणशीं 100 घनफूट जागा असल्यास 25 घनफूट हवा लागते, आणि 500 घनफूट जागा असल्यास 7 घनफूट पुरते, असा त्यांचा निष्कर्ष होता. येथें रोगाचें भय मागें पडून नाकाचें समाधान हेंच प्रमाण ठरलें, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

खरा कसोटीचा काळ आला तो 1973 च्या ऑक्टोबरांत. अरब राष्ट्रांनीं तेल रोखलें आणि पिंपामागें सुमारें 3 डॉलर असलेला भाव थोड्याच महिन्यांत 12 डॉलरांच्या घरांत गेला. बाहेरची हवा आंत घ्यावयाची म्हणजे ती थंडींत तापविली पाहिजे, उन्हाळ्यांत थंड व कोरडी केली पाहिजे. तेव्हां प्रत्येक घनफुटास आतां चांगलीच किंमत पडूं लागली. उंच कांचेच्या इमारतींच्या खिडक्या तर आधींच उघडत नव्हत्या. अखेर 1981 सालीं अमेरिकन यंत्रज्ञांच्या नियमांत धूम्रपान नसलेल्या कचेरीसाठीं माणशीं केवळ 5 घनफूट हवा पुरेशी ठरली. बिलिंग्जच्या आंकड्याचा हा सहावा हिस्सा!

या मंडळींस दोष देणें आम्हांस न्याय्य वाटत नाहीं. एवढ्या हवेंतही कार्बन डाय-ऑक्साइड धोक्याच्या पातळीच्या खालींच राहतो. हिशेब चुकला नव्हता. चूक झाली ती साक्षीदारासच आरोपी समजण्यांत. दाबलेल्या लांकडी फळ्यांतून निघणारे फॉर्माल्डिहाइडचे बाष्प, गालिच्यांचे व रंगांचे वास, नळ्यांतील ओल व बुरशी यांची गणना त्या हिशेबांत नव्हती. डोळे चुरचुरणें, घसा सुकणें, डोकें जड होणें, आणि कचेरी सुटतांच बरें वाटणें, अशा तक्रारी जागोजाग ऐकूं येऊं लागल्या. जागतिक आरोग्य संघटनेनें 1983 सालीं या लक्षणसमूहाची दखल घेतली, आणि ‘आजारी इमारत’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. 1989 सालीं कचेरीसाठीं प्रमाण पुन्हां माणशीं 20 घनफूट करावें लागलें. आठ वर्षांत आंकडा चौपट झाला. माणसाचीं फुप्फुसें मात्र होतीं तींच होतीं.

येथें एक घरचा अनुभव सांगतों. वातानुकूलित व्याख्यानगृहांत दुपारच्या तासास विद्यार्थी पेंगूं लागले, म्हणजे तो आमच्या वक्तृत्वाचा गुण, असें आम्ही नम्रपणें मानीत आलों. एकदां वीज गेली म्हणून सर्व खिडक्या उघडल्या, आणि तेंच व्याख्यान मुलें घामाघूम होऊनही जागेपणीं ऐकतीं झालीं! एवढ्यावरून सिद्धान्त काढावा असें आम्ही म्हणत नाहीं. पण तेव्हांपासून सगळा दोष स्वतःकडे घेणें आम्हीं सोडलें आहे.

मग आरोग्य हवें तर वीज उधळलीच पाहिजे काय? तसें मुळींच नाहीं. बाहेर जाणाऱ्या हवेचा गारवा आंत येणाऱ्या हवेस देणारीं चक्रें आज उपलब्ध आहेत. त्यांनीं वायां जाणाऱ्या शक्तीचा अर्ध्याहून अधिक भाग परत मिळूं शकतो. पेटेनकोफरचा साक्षीदार मोजणारें लहानसें यंत्र भिंतीवर बसवितां येतें. सभागृह भरलें कीं हवा वाढते, रिकामें झालें कीं कमी होते. मुंबई-पुण्याच्या धुरकट रस्त्यांवरील हवा आंत घेतांना ती गाळून मात्र घेतली पाहिजे. शिवाय व्यापारी इमारतींत विजेवर तीन रुपये, तर भाड्यावर तीस आणि पगारावर तीनशें, असा एक ढोबळ ठोकताळा सांगतात. तो नेमका नसला, तरी तीन रुपयांतील आठ आणे वांचवितांना तीनशेंच्या कामावर मरगळ आणणें ही काटकसर कसली?

आपल्या देशांत इमारतींतील ऊर्जाबचतीची संहिता 2007 सालीं आली, तें योग्यच झालें. परंतु 2020 च्या साथीनें कोंडलेल्या हवेचा धोका साऱ्यांच्या प्रत्ययास आणून दिला आहे. तेव्हां कांचेच्या इमारतींत नोकरीस जाणाऱ्या आमच्या वाचकांनीं विजेच्या बचतीची प्रशस्ति ऐकून घ्यावी, आणि माणशीं हवा किती येते, हेंही विचारावें. घर पाहतांना आपण तें विचारतोंच.