मूळबरहुकूम जीर्णोद्धार की स्वेच्छा-रूपांतर? : जुन्या मोटारींच्या जतनाचा एक ऐतिहासिक विचार (विशेष संदर्भ : प्रीमियर पद्मिनी)

प्रस्तावना

ऑक्टोबर २००३ मध्ये मुंबईत शेवटची ‘प्रीमियर पद्मिनी’ टॅक्सी म्हणून नोंदली गेली. मुंबईतील टॅक्सींसाठी असलेल्या २० वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ही काळी-पिवळी मोटार शहराच्या रस्त्यांवरून अधिकृतपणे निवृत्त झाली. एक तरी टॅक्सी जतन करून ठेवावी, अशी मागणी त्या वेळी टॅक्सीचालकांच्या संघटनेने केली होती. मागणी रास्तच होती. परंतु जतन करावयाचे म्हणजे नेमके काय करावयाचे, या प्रश्नाची चर्चा मात्र फारशी झाली नाही. कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडली त्या रूपात ती मोटार परत न्यावयाची, की टॅक्सीवाल्याच्या हाताखाली तिला जे रूप आले तेच राखावयाचे? खाजगी मालकीच्या जुन्या मोटारीबाबतही हाच पेच पडतो. वडिलांची किंवा आजोबांची फियाट दुरुस्तीस काढणाऱ्या प्रत्येक कुटुंबासमोर मूळबरहुकूम जीर्णोद्धार आणि आपल्या आवडीनुसार रूपांतर असे दोन मार्ग असतात. प्रस्तुत निबंधात या निवडीमागील ऐतिहासिक विचारांचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

‘जीर्णोद्धार’ या संकल्पनेची परंपरा

‘जीर्णोद्धार’ हा शब्द आपल्याकडे देवळांच्या संदर्भात रूढ आहे. वेरूळच्या घृष्णेश्वर मंदिराचा जीर्णोद्धार मालोजीराजे भोसले यांनी केला व पुढे अठराव्या शतकात होळकर घराण्याने, विशेषतः अहिल्याबाईंनी, तो पुन्हा केला. पूर्वीचा दगड जसाच्या तसा परत बसविणे हे या कामाचे उद्दिष्ट नव्हते. पूजाअर्चा अखंड चालावी, वास्तू वापरात राहावी, हा मुख्य हेतू होता. म्हणजेच या परंपरेत वस्तूच्या द्रव्यापेक्षा तिच्या कार्याचे सातत्य अधिक मोलाचे मानले गेले.

युरोपात एकोणिसाव्या शतकात हा प्रश्न वेगळ्या अंगाने उपस्थित झाला. फ्रेंच वास्तुविशारद व्हियोले-ल-द्युक हे वास्तूला तिच्या आदर्श, परिपूर्ण रूपात नेण्याचे पुरस्कर्ते होते, मग ते रूप पूर्वी कधी अस्तित्वात नसले तरी चालेल. याउलट इंग्रज विचारवंत जॉन रस्किन यांनी १८४९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात अशा पुनर्रचनेवर कठोर टीका केली. काळाने वस्तूवर उमटविलेल्या खुणा पुसणे म्हणजे ती वस्तूच नष्ट करणे होय, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. १९६४ च्या व्हेनिस सनदेने या वादात मध्यम मार्ग स्वीकारला. वास्तूवर निरनिराळ्या कालखंडांत झालेल्या सर्व संस्कारांचा आदर राखावा आणि जेथे अनुमान सुरू होते तेथे जीर्णोद्धार थांबवावा, असे तिने सांगितले. ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१३ मध्ये प्रसृत केलेली तुरीन सनद याच विचाराचा मोटारींपर्यंत झालेला विस्तार आहे.

मूळ रूप कोणत्या दिवसाचे?

मोटार ही वास्तूहून भिन्न वस्तू आहे. ती झिजते, तिचे भाग बदलतात आणि ते बदलले जावेत अशीच तिची रचना असते. या दृष्टीने १९९० मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयात निकाली निघालेला ‘ओल्ड नंबर वन’ या बेंटली मोटारीचा खटला अभ्यासण्यासारखा आहे. या मोटारीने १९२९ व १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकली होती. पुढे तिचे इंजिन बदलले, सांगाडा बदलला. १९३२ मध्ये ब्रुकलँड्स येथील शर्यतीत तिला भीषण अपघात होऊन चालक क्लाइव्ह डन्फी मृत्युमुखी पडले. त्यानंतर तिच्यावर बंदिस्त काया चढवून ती साध्या रस्त्यावर वापरण्यात आली आणि कित्येक दशकांनी तिला पुन्हा शर्यतीच्या मोटारीचे रूप देण्यात आले. १ कोटी पौंडांचा सौदा ठरल्यावर खरेदीदाराने हरकत घेतली की, १९२९ च्या मोटारीतील फारच थोडे भाग हिच्यात उरले असल्याने ही ती मोटारच नव्हे. न्यायमूर्ती ऑटन यांनी ही हरकत फेटाळली. मोटार टप्प्याटप्प्याने बदलत गेली, तिचे अस्तित्व मध्येच कोठे खंडित झाले नाही. म्हणून सारे भाग मूळचे नसले तरी ती अस्सलच आहे, असा निर्णय त्यांनी दिला. घृष्णेश्वराच्या जीर्णोद्धारामागील दृष्टी आणि हा निकाल यांत मोठे अंतर आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही.

संस्थानिकांच्या मोटारींबाबत तर ‘मूळ’ आणि ‘रूपांतरित’ हा भेदच डळमळीत होतो. दुसऱ्या महायुद्धापूर्वी रोल्स-रॉइससारखे कारखानदार केवळ सांगाडा व इंजिन विकत. काया मात्र स्वतंत्र कारागीर ग्राहकाच्या इच्छेनुसार घडवीत. स्वेच्छा-रूपांतर हेच या मोटारींचे जन्मरूप होय. कोल्हापूरच्या छत्रपती घराण्याची मेबॅक मोटार याच परंपरेतील आहे. ती दसऱ्याच्या सोहळ्यात बाहेर निघते, लोक तिला पाहण्यासाठी थांबतात. काचेआडच्या प्रदर्शनात तिचे पत्रे सुरक्षित राहतील, हे खरे. परंतु तिचे सार्वजनिक जीवन संपेल.

प्रीमियर पद्मिनी : एक मोटार, अनेक मूळ रूपे

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. पन्नाशीच्या दशकात कंपनीने फियाटशी सहकार्य करून ‘११००’ ही मोटार भारतात आणली. लोकांनी ‘डुक्कर फियाट’ असे नाव ठेवलेली, पुढचे दरवाजे उलट्या बाजूने उघडणारी मोटार ती हीच. १९६४ च्या सुमारास ‘११०० डिलाइट’ आली. तिचेच नाव पुढे ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ आणि १९७४ मध्ये ‘प्रीमियर पद्मिनी’ झाले. १०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन आणि चालनचक्राच्या दांड्यावरील गिअर ही तिची ओळख. इटलीत ११००-डीचे उत्पादन १९६६ मध्येच थांबले होते. आपल्याकडे मात्र तोच साचा विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत चालला. या प्रदीर्घ काळात दिवे, पुढची जाळी, आसने बदलली. काही आवृत्त्यांत गिअरचा दांडा खाली आला. नव्वदीच्या दशकात डिझेल इंजिनाची आवृत्तीही निघाली. तेव्हा ‘मूळ पद्मिनी’ असे म्हणणाऱ्याने प्रथम वर्ष सांगितले पाहिजे.

याहून महत्त्वाची बाब अशी की, परवाना पद्धतीच्या काळात मोटार नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे आणि हाती आलेली मोटार टिकविणे ही गरज असे. सुटे भाग मिळेनात तेव्हा गल्लीतल्या फिटरने दुसऱ्या गाडीचा भाग घासून बसविला, तळाचा पत्रा कुजला तेव्हा नवा तुकडा वेल्डिंग करून जोडला, पेट्रोल परवडेना तेव्हा डिझेल इंजिन चढविले. या तडजोडींना ‘बिघडविणे’ म्हणून हिणविणे इतिहासदृष्ट्या अन्यायाचे आहे. टंचाईच्या अर्थव्यवस्थेची इतकी बोलकी साधने अभिलेखागारांतही सहजी सापडत नाहीत. आज मात्र हौशी मालक अशी मोटार गॅरेजमध्ये देतो, पत्र्यावरचा प्रत्येक थर खरवडून काढला जातो आणि कुर्ल्यात कधीच चढला नसेल असा चकचकीत रंग तिच्यावर चढतो. याला मूळबरहुकूम म्हणणे कठीण आहे. व्हियोले-ल-द्युक यांना ते कदाचित पसंत पडले असते.

कायद्याने केलेली व्याख्या

हा प्रश्न केवळ आवडीनिवडीचा राहिलेला नाही. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. इंजिन बदलणे किंवा मान्य संचाद्वारे इंधन बदलणे यांसाठी विहित मार्ग आहेत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही निर्मात्याचा मूळ तपशीलच प्रमाण मानला. जुलै २०२१ मध्ये केंद्राने केलेल्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ झालेल्या, मूळ स्वरूपात राखलेल्या आणि सांगाडा, काया किंवा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांना ‘व्हिंटेज’ म्हणून स्वतंत्र नोंदणी मिळते. नोंदणीशुल्क २० हजार रुपये असून क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. अशा वाहनाचा व्यावसायिक वापर करता येत नाही.

सुरक्षिततेच्या दृष्टीने कलम ५२ चे समर्थन करता येईल. वारशाच्या दृष्टीने मात्र २०२१ ची व्याख्या संकुचित आहे. तिच्या कसोटीवर शेडमध्ये झाकून ठेवलेली मोटार उतरते, पण चाळीस वर्षे राबलेली, पोटापाण्यासाठी इंजिन बदललेली मोटार बाद होते. ‘ओल्ड नंबर वन’ भारतात असती तर तीही बाद झाली असती! तुरीन सनद वाहनाच्या आयुष्यात घडलेल्या बदलांना इतिहासाचा पुरावा मानते. आपल्या नियमात त्या बदलांसाठी जागाच ठेवलेली नाही.

टॅक्सीचे काय करावे?

टॅक्सीबाबत प्रस्तुत लेखकाचे मत स्पष्ट आहे. काळा-पिवळा रंग, टपावरचा कॅरिअर, बाहेरच्या बाजूचा मीटर, उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर बसलेला सीएनजीचा संच आणि त्याच्या टाकीने अडविलेली डिकी, रंगीबेरंगी रेक्झिनचे छत, समोरच्या फळीवरील देवाची तसबीर, यांतील बहुतेक गोष्टी कारखान्याच्या नव्हेत. त्या काढल्या तर उरेल ती एक सामान्य मोटार. टॅक्सी उरणार नाही. संग्रहालयाने गंज थोपवावा, गळती बंद करावी आणि तेथेच हात आवरावा. झिजलेल्या आसनाचे कापड बदलणेही टाळावे.

खाजगी मालकाला इतके कठोर बंधन घालता येणार नाही, घालूही नये. त्याला मुलाबाळांसह मोटार चालवावयाची आहे. सीटबेल्ट, अधिक भरवशाचे ब्रेक, सुरक्षित वायरिंग ही रूपांतरे त्याने कायद्याच्या मर्यादेत करावीत. फक्त काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून जपावा आणि केलेला बदल पुढच्या पिढीला उलटविता येईल असा असावा. छत कापणे, चाकांच्या कमानी रुंदावणे हे मात्र परतीचे दोर कापणारे बदल आहेत. पद्मिनींची संख्या वर्षागणिक घटत असताना त्यांचे समर्थन होऊ शकत नाही. एखाद्या मोटारीचे पूर्वीचे रूपांतर मालकाला आवडत नसेल, तरी ते कोणी व कोणत्या गरजेपोटी केले, याची चौकशी केल्याशिवाय ते पुसू नये.

या चौकशीचे सर्वांत विश्वसनीय साधन म्हणजे मोटारीचे जुने आरसी बुक होय. मालकांची नावे, इंजिन क्रमांक, रंग, इंधन, कर्जाचा बोजा आणि केलेल्या फेरफारांच्या नोंदी त्यात तारखांसह सापडतात. मोटार भंगारात निघाली की नोंदणी रद्द होते आणि ते पुस्तकही बहुधा रद्दीत जाते. संग्रहालये जेव्हा मोटार स्वीकारतील, तेव्हा तिच्यासोबत आरसी बुक, गॅरेजची बिले आणि टॅक्सी असल्यास तिचे मीटर-कार्डही मागून घ्यावे.