मुळेचं पाणी आणि आपली ओंजळ

नदीचा इतिहास म्हणजे घाट, देवळं आणि राजांच्या आंघोळी नव्हे. पाणी कुठं पडतं, कुठं जातं, मधे कोण अडवतं, हा खरा इतिहास.

सह्याद्रीचा माथा ही पाणी वाटणारी रेघ. पश्चिमेला पडलेलं पाणी कोकणातून थेट अरबी समुद्रात. पूर्वेला पडलेलं मुळा-मुठेतून भीमेत, सोलापूरकडच्या कोरड्या मुलखातून कृष्णेत, शेवटी बंगालच्या उपसागरात. माथ्यावर धो धो, पूर्वेला पाऊस आटत जातो. त्या मुलखाला माथ्याचंच पाणी जगवतं.

ही वाटणी भांडवलानं मोडली. टाटांच्या कंपन्यांनी माथ्यावर धरणं बांधली आणि पूर्वेचं पाणी पश्चिमेला उतरवलं. वीजघरं झाली : खोपोली १९१५, भिवपुरी १९२२, भिरा १९२७. मुळशीला १९२१ पासून शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, सेनापती बापट तुरुंगात गेले. धरण झालंच. मुळेचं पाणी सुमारे ५०० मीटर खाली भिऱ्याला कोसळलं, वीज देऊन कुंडलिकेतून समुद्राला मिळालं. त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या फिरल्या.

आता साल बघा. १९२७. भिरा कुलाबा जिल्ह्यात, महाडही त्याच जिल्ह्यात. २० मार्चला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं ओंजळभर पाणी घेतलं, तर आपल्या माणसांची डोकी फुटली. तळ्याची शुद्धी झाली. अख्खी नदी डोंगरापार नेली तेव्हा धर्म बाटला नाही. ओंजळीनं बाटला.

आणि गिरणीत? त्याच पाण्याच्या विजेवर साचा चाले, पण साच्यावर अस्पृश्याला जागा नव्हती. कांडी बदलली की धागा धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढायचा. आपली थुंकी चालायची नाही. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी विणाई खातं आपल्याला खुलं करा, अशी मागणी लावून धरली.

पुढं कृष्णा पाणीतंटा लवादानं १९७६ च्या अंतिम निवाड्यात टाटांच्या या योजनांना मर्यादा घातली : सलग पाच वर्षांत २१२ अब्ज घनफूट, त्यापेक्षा जास्त वळवायचं नाही. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या. पाणी मात्र अजून वळतंच आहे.

म्हणून मित्रांनो, पाण्याचा हिशेब मागाल तेव्हा दोन्ही मागा. नदीतलं किती नेलं, आणि उरलेल्याला कुणाचा हात लागू दिला नाही. अब्ज घनफुटांत पहिला हिशेब बसतो. दुसरा कुठल्याच निवाड्यात मांडलेला नाही. तो आपणच मांडायचा.