होम थिएटर ध्वनियंत्रणा

होम थिएटर ध्वनियंत्रणा म्हणजे घरातील राखीव खोलीत चित्रपटाचा बहुवाहिनी ध्वनी चित्रपटगृहाच्या तोडीने ऐकता यावा यासाठी जुळवलेला स्पीकर, सबवूफर, अँप्लिफायर आणि ध्वनिसंकेत उलगडणारा रिसीव्हर यांचा संच होय. बाजारात या संचाची चर्चा बहुधा वॅट आणि स्पीकरांची संख्या यांभोवतीच फिरते. प्रत्यक्षात खोलीची मापे, भिंतींचे स्वरूप आणि बैठकीचे अंतर आधी ठरवावे लागते. उपकरणांची निवड त्यांवरूनच होते.

पार्श्वभूमी

चित्रपटगृहात बहुवाहिनी ध्वनीचा मोठा प्रयोग डिस्नेच्या ‘फँटेझिया’ (१९४०) या चित्रपटासाठी झाला. भारतात ‘शोले’ (१९७५) मुंबईच्या मिनर्व्हा चित्रपटगृहात ७० मि.मी. पडद्यावर स्टिरिओफोनिक ध्वनीसह दाखवला गेला. घरगुती वापरासाठी डॉल्बी सराउंड १९८२ मध्ये आले. पुढे डीव्हीडीमुळे ५.१ ही मांडणी रूढ झाली. यातील ५ हा आकडा मुख्य वाहिन्यांचा, तर १ हा केवळ खर्ज परिणामांच्या वाहिनीचा असतो. २०१२ मध्ये चित्रपटगृहांत आणि २०१४ मध्ये घरांत आलेल्या डॉल्बी अ‍ॅटमॉसने छतातील स्पीकरांची भर घातली, ७.१.४ मधील शेवटचा आकडा त्यांचा आहे.

खोली

समोरासमोरच्या दोन भिंतींमधील अंतर ध्वनीच्या अर्ध्या तरंगलांबीइतके झाले की त्यांच्यात स्थिर तरंग निर्माण होतो. हवेतील ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धरल्यास ५ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच खोलीत असे पहिले तरंग अनुक्रमे ३४, ४३ आणि ५७ हर्ट्झला उमटतात. त्या वारंवारतांचा खर्ज भिंतीलगत फुगतो आणि दोन भिंतींच्या बरोबर मध्यावर जवळजवळ नाहीसा होतो. लांबी, रुंदी आणि उंची समान असलेल्या खोलीत तिन्ही तरंग एकाच वारंवारतेवर येतात, म्हणून अशी खोली टाळावी. मुख्य बैठक मागील भिंतीला टेकवू नये आणि खोलीच्या मध्यावरही ठेवू नये. समोरच्या भिंतीपासून लांबीच्या सुमारे दोन-तृतीयांश अंतर बहुधा सोयीचे ठरते.

निनादाचा प्रश्न वेगळा आहे. हार्वर्ड विद्यापीठातील वॉलेस सबाइन यांनी १८९५ पासून एका व्याख्यानगृहात आसनांच्या गाद्या आणून-काढून प्रयोग केले. त्यांतून निघालेल्या सूत्रानुसार निनादाचा काळ खोलीच्या आकारमानाच्या सम प्रमाणात आणि एकूण शोषणाच्या व्यस्त प्रमाणात असतो. वरील ६० घनमीटरच्या खोलीत गिलावा केलेल्या भिंती, काँक्रीटचे छत आणि फरशी असेल व सरासरी शोषणगुणांक ०.०३ धरला, तर हा काळ सुमारे साडेतीन सेकंद येतो. चित्रपटातील संवाद स्पष्ट ऐकू येण्यासाठी तो अर्ध्या सेकंदाच्या आत असावा लागतो. या विषयावरील पुष्कळ अमेरिकी मार्गदर्शन जिप्सम फलकांच्या हलक्या भिंती गृहीत धरते. त्या भिंती स्वतः कंप पावून काही खर्ज शोषतात. आपल्याकडील विटांच्या भिंती तो जवळजवळ पूर्ण परत पाठवतात. त्यामुळे येथे खर्ज शोषण्यासाठी अधिक जाड थर लागतो.

थर्माकोल आणि अंड्यांचे ट्रे या कामी जवळजवळ निरुपयोगी आहेत. पातळ फोम फक्त उच्च स्वर शोषतो, परिणामी खोली निस्तेज वाटते आणि खर्ज घुमतच राहतो. ५० ते १०० मि.मी. जाडीचे काचलोकर किंवा खनिज लोकर कापडाने मढवून, मागे थोडी पोकळी ठेवून लावणे अधिक परिणामकारक असते. गालिचा, जाड पडदे आणि कापडी सोफा यांचाही उपयोग होतोच.

स्पीकर आणि अँप्लिफायर

चित्रपटगृहाच्या संदर्भपातळीनुसार मुख्य वाहिनीचे शिखर १०५ डेसिबलपर्यंत जाते. एक वॅटवर एक मीटर अंतरावर ८८ डेसिबल देणाऱ्या स्पीकरचा ध्वनी मोकळ्या जागेत ३ मीटरवर सुमारे ७८.५ डेसिबल उरतो. तेथून १०५ गाठण्यास सुमारे ४५० वॅट लागतील. स्पीकर ९४ डेसिबलचा असेल, तर हेच काम सुमारे ११० वॅटमध्ये होते. बंद खोलीत परावर्तनांमुळे ही गरज काहीशी घटते, आणि १० डेसिबल कमी पातळीवर ऐकणाऱ्यास एक-दशांश शक्ती पुरते. म्हणून वॅट पाहण्याआधी स्पीकरची संवेदनशीलता पाहावी. खोक्यावरील ‘पीएमपीओ’चे हजारोंचे आकडे क्षणिक शिखरांवरून काढलेले असून तुलनेस अर्थशून्य आहेत. २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ या पट्ट्यात अनेक वाहिन्या एकाच वेळी चालू असताना मिळणारी आरएमएस शक्ती हाच उपयोगी आकडा आहे.

संवादांचा बहुतांश भार मधल्या स्पीकरवर असतो. खर्चात कपात करायची झाल्यास ती येथे करू नये. समोरचे तिन्ही स्पीकर एकाच मालिकेतील असावेत, अन्यथा पडद्यावर डावीकडून उजवीकडे जाणाऱ्या आवाजाचा पोत वाटेत बदलतो. प्रोजेक्टर असल्यास सूक्ष्म छिद्रांच्या पडद्यामागे तिन्ही एका उंचीवर बसवता येतात. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार डावा व उजवा स्पीकर मध्यरेषेपासून ३० अंशांवर, तर बाजूचे १०० ते १२० अंशांवर असतात. तारेबाबत गूढ असे काही नाही: पाच-सहा मीटरसाठी २.५ चौ. मि.मी. तांब्याची साधी तार पुरते.

सबवूफर

साधारणतः ८० हर्ट्झखालील ध्वनी सबवूफरकडे वळवला जातो, कारण त्याखालील आवाजाची दिशा कानाला नीट कळत नाही. एक मोठा सबवूफर घेण्याऐवजी समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर दोन मध्यम सबवूफर ठेवल्यास काही स्थिर तरंग परस्परांना छेदतात आणि सर्व आसनांवर खर्ज अधिक सारखा पोहोचतो. रिसीव्हरमधील स्वयंचलित समायोजन फुगवटे कापू शकते. मात्र ज्या जागी ध्वनी नाहीसाच होतो, तेथे शक्ती वाढवून फारसा लाभ होत नाही.

शेजार आणि नियम

ध्वनिप्रदूषण (विनियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी क्षेत्रात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. खासगी ध्वनियंत्रणेचा आवाज जागेच्या हद्दीवर या मर्यादेहून ५ डेसिबलपेक्षा अधिक नसावा. मोजणी ‘ए’ भारांकनाने होते आणि ते भारांकन खर्जाला फार कमी महत्त्व देते. त्यामुळे आवाज नियमात बसूनही खालच्या मजल्यावर सबवूफरचा त्रास होऊ शकतो. शोषक लोकर हा त्रास थांबवत नाही, कारण ध्वनी अडवण्यास वस्तुमान आणि हवाबंदपणा लागतो. विटांच्या भिंतींच्या खोलीत दरवाजा हा बहुधा सर्वांत कच्चा दुवा असतो. भरीव, जड दार आणि चौकटीभोवती रबरी पट्टी यांची तरतूद दुसऱ्या सबवूफरच्या आधी करावी.