जुन्या मोटारीचा दिवा कोणत्या सालाचा?

१/ १९४० च्या मॉडेलांपासून अमेरिकन मोटारींवर ‘सील्ड बीम’ हा प्रमाणित दिवा आला. सात इंची, गोल. काच, परावर्तक आणि फिलामेंट एकाच कवचात बंद.

२/ त्यापूर्वी दिव्यांची मापे व घडण निरनिराळी असे. काचेवरील उभ्या रेघा प्रकाश रस्त्यावर पसरवत. मागच्या परावर्तकाला चांदीचा मुलामा असे. धूळ व ओल आत शिरली की चांदी काळवंडे आणि उजेड मंदावे.

३/ नव्या दिव्यात हा दोष नव्हता. साहजिकच १९३० च्या दशकातील गाड्यांसाठीही सील्ड बीम बसवण्याचे संच विकले गेले. असंख्य मूळ काचा मोडीत निघाल्या.

४/ म्हणून १९३६ च्या फोर्डवर सील्ड बीम दिसला, तर तो नंतरचा आहे हे निश्चित. मूळ काच शोधताना तिच्यात उठवलेले नाव व नमुना वाचावा लागतो.

५/ परावर्तकाला पुन्हा चांदीच चढवावी. क्रोम चकाकतो, पण चांदीइतका प्रकाश परतवत नाही. बल्ब सहा व्होल्टचाच हवा. बारा व्होल्टचा त्या गाडीत मिणमिणेल. गंजलेली अर्थिंगही तितकीच घातक.

६/ मात्र काढलेला सील्ड बीम फेकू नये. मूळ दिवा गाडी कशी घडली हे सांगतो. हा दुसरा दिवा ती पुढे कशी वापरली गेली, याचा पुरावा आहे. इतिहासाला दोन्ही साक्षी हव्या असतात.