बिऱ्हाड पाठीवर

मोटारीतच चूल, मोटारीतच बिछाना, मुलांची शाळाही मोटारीतच. आणि घरचा कर्ता त्याच गाडीच्या कोपऱ्यात बसून संगणकावर पोटापाण्याचा उद्योग करतो आहे. अमेरिकेतल्या अशा फिरत्या कुटुंबांच्या हकीकती हल्ली आपल्याकडेही आवडीने वाचल्या जातात. काय नवलाचे दिवस आले, असे म्हणून माणसे बोटे तोंडात घालतात. मला मात्र अशा वेळी आपल्याच मुलुखातल्या जुन्या वाटा आठवतात. ‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण आपण सड्याफटिंग माणसाला लावून मोकळे होतो. पण बायकापोरांसह पिढ्यान्‌पिढ्या बिऱ्हाड बैलाच्या पाठीवर घेऊन हिंडणारी आणि हिंडता हिंडता दख्खनला मीठभाकर पुरवणारी माणसे इथेच होऊन गेली. कोणी त्यांना बंजारा म्हणतात, कोणी लमाण. लमाण हा शब्द ‘लवण’ म्हणजे मीठ यावरून आला असे पुष्कळांचे मत आहे, आणि त्यांचा धंदा पाहता ते पटतेही.

त्या काळचा आपला मुलूख जरा डोळ्यांसमोर आणा. मीठ पिकणार समुद्राकाठी आणि ज्वारी पिकणार घाटावर. मध्ये सह्याद्री आडवा. बोरघाटातून गाडीरस्ता झाला तो 1830 साली. त्याआधी घाट चढायचा तर माणसाच्या पायांनी, नाहीतर बैलाच्या. वऱ्हाडचा कापूस तर गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत बैलांच्या पाठीवर जात असे! हे ओझे वाहणाऱ्या बैलांच्या कळपाला आणि त्यांच्या मागून चालणाऱ्या गोताला मिळून एकच नाव होते : तांडा.

या तांड्याचे चित्र परदेशी प्रवाशांनी मोठ्या कुतूहलाने रेखाटून ठेवले आहे. पीटर मंडी नावाचा इंग्रज 1632 साली आग्र्याहून पाटण्याकडे चालला असता त्याला धान्याने लादलेल्या चौदा हजार बैलांचा तांडा भेटला. बरोबर सहा-सातशे माणसे, बायका नि मुले. दिवसाकाठी सहा-सात मैलांपेक्षा अधिक मजल नाही, आणि तीही उन्हाच्या आधी. प्रसंग पडला तर बायकाही पुरुषांच्या बरोबरीने लढतात, असे मंडीने आवर्जून लिहिले आहे. त्याच शतकातला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये सांगतो की, दहा-बारा हजार बैलांचा तांडा अरुंद वाटेवर समोरून आला, तर गाडीवाल्याला दोन-दोन, तीन-तीन दिवस खोळंबून राहावे लागे. ही माणसे जन्मभर घरात म्हणून राहत नाहीत, हेही त्याने टिपले आहे. नायकाचा थाट एखाद्या राजासारखा, गळ्यात मोत्यांचा कंठा. वाट कोणी कोणाला द्यायची यावरून दोन तांड्यांत तंटा माजला, तेव्हा मोगल बादशहाने दोन्ही नायकांना बोलावून एकेक लाख रुपये नि मोत्यांचा एकेक सर देऊन समजूत घातली, अशी हकीकत त्याने दिली आहे.

आता एवढा पसारा चाले कसा? कोणत्याही गृहिणीने कौतुक करावे, इतक्या काटकसरीने. बैलाला दाणावैरण विकत घालावी लागत नसे. चालता चालता तो पडीक रानात चरे. मजल सहा-सात मैलांची का, याचे उत्तर यातच आहे. बैलाला चरायला सवड हवी. बैलाच्या दोन बाजूंना लोंबणाऱ्या गोणी बायका घरीच विणीत. पुढचा बैल घुंगरांनी, कवड्यांनी, मोरपिसांनी सजवलेला. बाकीचे त्याच्या मागोमाग. मुक्कामाला गोणी उतरवून त्यांचाच कोट रचायचा, आत बायकापोरे आणि बाहेर राखणीला कुत्री. मुलगा कळू लागल्यापासून धंदा शिके, सून आल्या दिवसापासून हाताला हात लावी. संसार आणि व्यापार यांच्यामध्ये भिंतच नव्हती.

सणवारही वाटेवरच. दिवाळीच्या अवसेला तांड्यातल्या कुमारिका हातात दिवे घेऊन प्रत्येक दारी जातात आणि ‘मेरा’ मागतात. हा रिवाज आजही तांड्यांत पाहायला मिळतो. जिथे तांडा उतरे तिथेच दिवाळी उजळे.

फौजांना तर या लोकांवाचून गत्यंतरच नव्हते. मोगलांच्या दख्खनच्या मोहिमांत रसद त्यांची. 1799 साली इंग्रजी फौज श्रीरंगपट्टणवर चालून गेली, तेव्हा धान्य त्यांचे. 1803 च्या मराठे-इंग्रज युद्धातही तेच. असईची लढाई जिंकणाऱ्या आर्थर वेल्स्लीच्या पत्रांतून ‘ब्रिंजारी’ हा शब्द वारंवार भेटतो. आपण सेनापतींची नावे पाठ करतो. पण सेनापतीच्या ताटात भाकर कुठून आली, हे विचारायचे राहून जाते.

मग 1853 साली बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी धावली. दहा वर्षांत ती बोरघाट चढली आणि 1867 मध्ये नागपूरला पोचली. महिनोन्‌महिन्यांची वाट दिवसांवर आली, आणि बैलाच्या पाठीवरचे ओझे कायमचे उतरले. ओझे उतरले की सुटका झाली असे आपण समजतो; इथे तर ओझ्याबरोबर अन्नही गेले. भरीस भर म्हणून 1865 आणि 1878 च्या जंगल कायद्यांनी रानातल्या फुकट चराईवर बंधने आली. मिठावर सरकारी कर होताच. आणि 1871 साली तो कुप्रसिद्ध गुन्हेगार जमाती कायदा झाला. त्याच्या याद्यांत ठिकठिकाणचे बंजारे गोवले गेले. ज्यांच्या हवाली बादशहांनी आपल्या फौजांचे पोट केले, त्यांच्या नातवंडांना चौकीवर जाऊन हजेरी द्यावी लागली! फिरणे हाच गुन्हा ठरला. तो कलंक कायद्याने पुसला गेला तो 1952 साली.

तांडे हळूहळू माळरानांवर स्थिरावले. त्यांतलेच एक पुसदजवळचे गहुली. तिथे 1913 मध्ये जन्मलेले वसंतराव नाईक 1963 ते 1975 अशी अकरा वर्षांहून अधिक काळ महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. 1972 च्या भीषण दुष्काळात राज्याच्या मुखी घास घालण्याची जबाबदारी या तांड्याच्या पुत्रावर आली, आणि रोजगार हमीची योजना याच काळात मूळ धरू लागली. पूर्वजांनी बैलांवर धान्य वाहून केले, तेच काम त्यांना मुंबईत सचिवालयात बसून करावे लागले. इतिहास कधी कधी असाही फेरा पुरा करतो.

पण सगळ्यांचाच फेरा असा सुखाचा नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातल्या रस्त्यांवर मी दर वर्षी ऊसतोड मजुरांचे जथे पाहतो. त्यांत अनेक जातींची माणसे असतात, तांड्यांवरचीही असतात. गाडीत भांडीकुंडी, शेळी, म्हातारी आजी आणि आईच्या मांडीवर निजलेले मूल. नवराबायकोच्या जोडीला तिथे ‘एक कोयता’ म्हणतात. सहा महिने उसाच्या फडात, पाचटाच्या कोपीत संसार. तेवढे दिवस मुलांची शाळा सुटलेली.

मंडीच्या लेखनातली एक बारीक नोंद मला अशा वेळी मोठी मोलाची वाटते. या लोकांचे बैल त्यांचे स्वतःचे असतात, आणि पाठीवरचा मालही बहुधा त्यांचाच, असे तो लिहितो. मला वाटते, सारे मर्म इथे आहे. फिरण्याने माणूस लहान होत नाही, की मोठाही होत नाही. तांड्याचा नायक फिरता होता, पण बैल त्याचे, गोणी त्याच्या, सौदा त्याचा. अमेरिकेतल्या त्या गाडीतला गृहस्थही मनात येईल तेव्हा गाडी वळवू शकतो. ऊसतोड्याचा मात्र ऊस दुसऱ्याचा, कारखाना दुसऱ्याचा. आणि मुकादमाकडून आधीच उचल घेतलेली असल्याने पुढचे सहा महिनेही दुसऱ्याचेच.

बिऱ्हाड पाठीवर असण्याचे दुःख नाही. बैल आपले असावेत, एवढेच मागणे.