जोजी-ला : बर्फाचा पहारा

पर्वतांतील वाटांचा इतिहास लिहितांना उंचीचे आंकडे पुढें करण्याचा प्रघात आहे. परंतु वाट कोणाची, हें उंचीपेक्षां ऋतूच अधिक ठरवितो. काश्मीर व लडाख यांस जोडणारी जोजी-ला ही खिंड याचें उत्तम उदाहरण होय. तिची उंची सुमारें ११,५०० फूट. लेहच्या वाटेवर पुढें लागणारी फोतु-ला १३,४०० फुटांहून उंच. तथापि हिवाळ्यांत वाट अडविणारी म्हणून ख्याति आहे ती जोजी-लाचीच. पश्चिमेकडून येणारे ओले वारे आपला भार काश्मीरच्या अंगास टाकून देतात आणि पलीकडे कोरडे होऊन जातात. म्हणून वसंत उलटला तरी येथील बर्फ हटत नाहीं. वैशाखांत आम्हीं ही खिंड मोटारीनें ओलांडली, तेव्हां रस्त्याच्या दोन्ही बाजूंस मोटारीहून उंच अशा बर्फाच्या भिंती उभ्या होत्या. आणि कारगिलजवळ पोहोंचतों तों उघडे डोंगर व धूळ यांखेरीज कांहीं दिसेना.

या बर्फास लोक तटबंदी समजत आले. इतिहास मात्र निराळें सांगतो. १५३२-३३ च्या हिवाळ्यांत मिर्झा हैदर दुघलात याच बाजूनें काश्मिरांत उतरला. १९४८ च्या उन्हाळ्यांत खिंड हल्लेखोरांच्या हातीं गेली व लेहचा मार्ग तुटला. त्याच वर्षीं १ नोव्हेंबरला जनरल थिमय्या यांनीं सातव्या कॅव्हलरीचे हलके रणगाडे येथें चढविले. हिमवर्षावाच्या तोंडावर एवढ्या उंचीवर रणगाडे येतील, हें शत्रूच्या ध्यानींमनींही नव्हतें. २४ नोव्हेंबरला कारगिल परत मिळालें. पुढें १९९९ सालीं तोच धडा उलट बाजूनें आपणांस शिकावा लागला; हिवाळ्यांत रिकाम्या ठेवलेल्या शिखरांवर घुसखोर येऊन बसले होते. तात्पर्य, बर्फ पहारा करीत नाहीं. तो पहारेकऱ्यास झोंप मात्र आणतो.

श्रीनगर-लेह मोटाररस्ता १९६२ सालीं तयार झाला. परंतु हिवाळा संपला कीं बर्फ कापून तो पुन्हां मोकळा करावा लागे. खिंडीखालून सुमारें १४ किलोमीटर लांबीचा बोगदा काढण्याचें काम २०२० सालीं सुरू झालें. या बोगद्याचें मोल सैन्यास जितकें, तितकेंच लडाखच्या रुग्णास व व्यापाऱ्यास आहे. हिवाळाभर सांठवलेल्या धान्यावर जगावें, हा तेथील शतकांचा क्रम. तो मोडल्याची हळहळ आम्हांस वाटणार नाहीं. ज्या एकांतानें धड रक्षणही केलें नाहीं, त्याचें कौतुक वाटेनें जाणाऱ्या प्रवाशानें करावें. तेथें राहणाऱ्यांस तें परवडणारें नाहीं.